गोठवलेल्या गर्भातून आलेलं मूल पुढे कसं वाढतं?

"ताई, गोठवताना दोन-चार पेशी मेल्या, तर बाळाचं एखादं बोट कमी येईल का गं?"

माझ्या मावसबहिणीने हा प्रश्न मला विचारला. डॉक्टरांना विचारायला ती लाजली होती. तिचे तीन गर्भ एका आयव्हीएफ केंद्रात, म्हणजे शरीराबाहेर फलन घडवणाऱ्या केंद्रात, गोठवून ठेवलेले होते आणि पुढच्या महिन्यात त्यातला एक गर्भाशयात सोडायचा होता. त्यात घरातलं कुणीतरी "शिळं ते शिळंच" असं बोलून गेलं होतं, आणि ते वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं. मी जीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. तिला नीट उत्तर द्यावं म्हणून वाचायला बसले आणि काही महिने वाचतच राहिले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते, कारण असे प्रश्न मनात दाबून बसलेल्या पुष्कळ जणी आहेत.

आधी बोटाचं. हा प्रश्न अजिबात वेडगळ नाही. प्रयोगशाळेत फलन झाल्यावर पाचव्या दिवशी गर्भ शंभरेक पेशींचा असतो. त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. आत पाणी भरलेला बारीक फुगा असावा तसा तो दिसतो. फुग्याची साल झालेल्या पेशींपासून पुढे वार तयार होते. आतल्या बाजूला चिकटलेला पेशींचा छोटा पुंजका असतो, बाळ त्यातून होतं. या पुंजक्यातल्या कोणत्याही पेशीला अजून काम वाटून दिलेलं नसतं. ही बोटाची, ही डोळ्याची, असं काहीही ठरलेलं नसतं. एकसारखी जुळी होतात तेव्हा असाच एक गर्भ दुभंगतो आणि दोन्ही अर्ध्यांतून दोन संपूर्ण बाळं येतात. म्हणून काही पेशी गेल्या तर उरलेल्या पेशी ती जागा भरून काढतात. फारच गेल्या तर गर्भ रुजतच नाही. जुन्या पद्धतीने गोठवायचे तेव्हा आठ पेशींच्या गर्भातल्या निम्म्या पेशी गमावूनही धडधाकट मुलं जन्मली आहेत. म्हणजे बोट कमी येत नाही.

आता "शिळं". अन्न शिळं होतं कारण त्यात जंतू वाढतात आणि रासायनिक क्रिया चालू राहतात. फ्रिजमध्ये या क्रिया मंदावतात, थांबत नाहीत. द्रवरूप नायट्रोजनचं तापमान उणे १९६ अंश सेल्सियस असतं. तिथे पेशीतली रसायनं एकमेकांशी काहीही देवघेव करू शकत नाहीत. गर्भाच्या दृष्टीने एक दिवस आणि दहा वर्षं सारखीच. अमेरिकेत २२ एप्रिल १९९२ रोजी गोठवलेल्या गर्भांतून ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी जुळी मुलं जन्मली. मध्ये तीस वर्षं गेली होती. भारतात मात्र २०२१च्या कायद्याने गर्भ जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. ही मर्यादा कायद्याने घातलेली आहे. दहा वर्षांनी गर्भ खराब होतो असा तिचा अर्थ नाही.

नायट्रोजन हे नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. दूधदुभत्याच्या गावात वाढलेल्या माणसाने ते पाहिलेलं असतं. गाय माजावर आली की डॉक्टर मोटारसायकलवर जे कंटेनर बांधून येतात, ज्याचं झाकण काढलं की पांढरी वाफ बाहेर पडते, त्यात तेच असतं. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ संस्था उभी केली आणि गोठवलेल्या रेताने संकर केलेल्या गाई गोठ्यागोठ्यात पोचवल्या.

रेत गोठवणं तुलनेने सोपं आहे, कारण शुक्रपेशीत पाणी अगदी कमी असतं. गर्भातल्या पेशी मोठ्या आणि पाण्याने भरलेल्या असतात. पाण्याचा बर्फ झाला की ते फुगतं आणि स्फटिकांची टोकं पेशीचं आवरण फाडतात. टोमॅटो फ्रीजरमध्ये ठेवून बाहेर काढला की त्याचा लगदा होतो, तो यामुळेच. म्हणजे सगळी कसरत एकच: थंड करायचं, पण बर्फ होऊ द्यायचा नाही.

ते कसं जमतं हे कळायला साखरेचा पाक आठवा. पाक भांड्यात दिवसेंदिवस शांत ठेवला, त्यात दोरा सोडला, की दोऱ्याला खडे धरतात आणि खडीसाखर होते. तोच पाक खूप घट्ट करून चिक्कीसाठी पोळपाटावर ओतला तर बघता बघता थिजतो, आणि थिजतो तो काचेसारखा, त्यात एकही खडा नसतो. पाक घट्ट असेल आणि झटकन थंड झाला, तर साखरेच्या कणांना रांगेत बसायला सवडच मिळत नाही. गर्भाचं हेच करतात. आधी पेशींतलं बरंचसं पाणी काढून घेतात, त्या जागी इथिलीन ग्लायकॉल, डीएमएसओ अशी द्रव्यं भरतात, आणि मग गर्भ एका बारीक पट्टीवर, थेंबाहूनही लहान थेंबात ठेवून थेट नायट्रोजनमध्ये बुडवतात. तापमान मिनिटाला वीस हजार अंशांहूनही जास्त वेगाने कोसळतं. पेशीची चिक्की होते, खडीसाखर होत नाही. या पद्धतीला व्हिट्रिफिकेशन म्हणतात. गेल्या दीड-दोन दशकांत ती सगळीकडे रुजली, आणि आता चांगल्या प्रयोगशाळेत शंभरातले नव्वदहून जास्त गर्भ वितळवल्यावर जिवंत असतात. त्याआधीची पद्धत सावकाश थंड करण्याची होती, त्यात नुकसान जास्त व्हायचं. पुढे मुलांच्या अभ्यासांचे निष्कर्ष वाचताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो. आज जी माणसं तिशी-चाळिशीत आहेत ती जुन्या पद्धतीची. चिक्कीच्या पद्धतीने गोठवलेल्या गर्भांतून आलेली बहुतेक मुलं अजून शाळा-कॉलेजात आहेत.

या गोष्टीची सुरुवात उंदरांपासून झाली. १९७२ साली व्हिटिंगहॅम, लिबो आणि मेझर या तिघांनी उंदराचे गर्भ उणे १९६ अंशांना गोठवून त्यांतून जिवंत पिल्लं मिळवली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये गोठवलेल्या गर्भातून वासरू जन्मलं. माणसाच्या बाबतीत पुस्तकं मेलबर्नचं नाव सांगतात, कारण १९८४ साली तिथे एक मुलगी जन्मली. पण कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांची नोंद त्याआधीची आहे. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीनंतर ७० दिवसांनी, त्यांनी घडवलेली मुलगी जन्मली, आणि त्यांच्या नोंदींनुसार तो गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवलेला होता. सरकारी समितीने त्यांचं म्हणणं फेटाळलं. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. त्यांना न्याय मिळवून देण्यात मुंबईच्या एका शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून जन्मलेलं बाळ देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ मानलं जाई. त्या कामातले शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी मुखोपाध्यायांची कागदपत्रं वाचली आणि १९९७ साली जाहीर लिहिलं की पहिला मान आपला नाही, त्यांचा आहे. स्वतःच्या डोक्यावरचा मान असा उतरवून दुसऱ्याला देणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

आता मुख्य मुद्द्यावर येते. गोठवण्याचा मुलावर परिणाम होतो का, हे शोधायचं कसं? नुसतं गोठवलेल्या गर्भांतून आलेल्या मुलांकडे पाहून काही कळत नाही. तुलना लागते, आणि ती कुणाशी करायची यावर उत्तर बदलतं. एक तुलना नैसर्गिकपणे राहिलेल्या मुलांशी. दुसरी आयव्हीएफनेच, पण न गोठवता, ताजा गर्भ सोडून झालेल्या मुलांशी. या दुसऱ्या तुलनेत गोठवलेल्या गर्भांची मुलं सरस दिसतात. ती वेळेआधी जन्मण्याचं आणि जन्मतः अशक्त, कमी वजनाची असण्याचं प्रमाण ताज्या गर्भांच्या मुलांपेक्षा कमी आहे. हे वाचून मला आधी आश्चर्य वाटलं. गोठवलेलं ताज्यापेक्षा चांगलं कसं असेल?

याचं कारण गर्भात नाही, आईच्या शरीरात आहे. बीजं काढण्यासाठी इंजेक्शनं दिली की अंडाशयात एका बीजाऐवजी दहा-पंधरा बीजं एकदम पिकतात. रक्तातलं इस्ट्रोजेन नेहमीच्या कितीतरी पट वाढतं. गर्भाशयाचं अस्तर या पुरात भिजलेलं असताना तीन-पाच दिवसांत ताजा गर्भ त्यात सोडायचा, म्हणजे नांगरट अर्धवट असलेल्या, पाणी साचलेल्या रानात पेरणी करण्यासारखं आहे. गर्भ गोठवून ठेवला तर शरीर शांत होऊ देता येतं, एखाद-दोन महिन्यांनी वाफसा आल्यावर पेरता येतं. शिवाय ज्या जोडप्याकडे गोठवायला जादा गर्भ उरतात त्यांचे गर्भ मुळातच चांगले असतात, तोही भाग आहेच.

पण नाण्याची दुसरी बाजू याच अभ्यासांत दिसते. गोठवलेल्या गर्भांची बाळं थोडी जास्त वजनाची निघतात, काही तर गरजेपेक्षा मोठी. आणि त्यांच्या आयांना गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा त्रास जास्त होतो. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या १९८८ ते २०१५ या काळातल्या सुमारे ४५ लाख गरोदरपणांच्या नोंदी एकत्र पाहिल्या गेल्या. नैसर्गिकपणे राहिलेल्या गरोदरपणांत शंभरातल्या ४.३ स्त्रियांचा रक्तदाब वाढला होता, गोठवलेल्या गर्भाच्या गरोदरपणांत ७.४ जणींचा.

इथे शंका घ्यायला जागा आहे. आयव्हीएफला जाणाऱ्या स्त्रिया वयाने मोठ्या असतात, त्यांना मूल न होण्याचं काहीतरी कारण असतं, मग रक्तदाब त्यामुळे वाढत नसेल कशावरून? या शास्त्रज्ञांनी त्यावर फार सुंदर तोड काढली. त्यांनी अशा आया शोधल्या ज्यांचं एक मूल नैसर्गिकपणे झालं होतं आणि दुसरं गोठवलेल्या गर्भातून. आई तीच, अनुवंश तोच, घर तेच. त्या एकाच बाईच्या दोन गरोदरपणांची तुलना केली तरी फरक उरला, किंबहुना थोडा वाढलाच. म्हणजे दोष सगळा बाईच्या प्रकृतीवर ढकलता येत नाही. गोठवलेला गर्भ सोडण्याच्या पद्धतीत काहीतरी आहे.

पण ते काहीतरी गोठवण्यात आहे की गर्भाशय तयार करण्यात, हा माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत कामाचा प्रश्न आहे, आणि केंद्रात गेलेल्या जोडप्यांना हा प्रश्न विचारायचा असतो हेच ठाऊक नसतं.

गर्भाशय दोन मुख्य रीतींनी तयार करता येतं. पाळी नियमित असेल तर बाईचं स्वतःचं चक्र चालू देतात, बीज फुटायची वाट पाहतात आणि त्यानुसार गर्भ सोडतात. दुसरी रीत गोळ्यांची. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी अस्तर वाढवतात, स्वतःचं बीज फुटू देत नाहीत, मग प्रोजेस्टेरॉन देतात. दुसरी रीत केंद्राला सोयीची आहे. तारीख आधी ठरवता येते, रविवार टाळता येतो, सोनोग्राफीच्या खेपा कमी लागतात. पण तिच्यात एक गोष्ट हरवते. बीज फुटून गेल्यावर अंडाशयात त्या जागी पिवळसर गाठ तयार होते, तिला पीतपिंड म्हणतात. शाळेच्या पुस्तकात आपण वाचतो की ती प्रोजेस्टेरॉन बनवते, आणि पुढे विसरून जातो. ती रिलॅक्सिनसारखी इतरही द्रव्यं सोडते, आणि गरोदरपणाच्या सुरुवातीला आईच्या रक्तवाहिन्या सैल करून वाढीव रक्ताला वाट करून देण्यात त्यांचा हात असावा असं मानलं जातं. गोळ्यांच्या चक्रात बीजच फुटत नाही, म्हणून पीतपिंड नसतं. गोळी प्रोजेस्टेरॉन भरून देते, बाकीचं काही देत नाही.

२०१९ साली अमेरिकेतून आलेल्या एका अभ्यासात गोठवलेले गर्भ सोडलेल्या स्त्रियांचे असे दोन गट पाहिले. पीतपिंड नसलेल्या गटात प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिनं जाण्याचा धोकादायक आजार, शंभरात १२.८ जणींना झाला. पीतपिंड असलेल्या गटात ३.९ जणींना. दोन्ही गटांचे गर्भ गोठवलेलेच होते. नंतरच्या मोठ्या नोंदींतूनही हीच दिशा दिसली. आणि गोळ्यांशिवाय यश कमी मिळतं असंही नाही. व्हिएतनाममध्ये नियमित पाळी असलेल्या १४२८ स्त्रियांना तीन वेगवेगळ्या रीतींत चिठ्ठ्या टाकून विभागलं होतं, आणि २०२४ साली आलेल्या निकालात जिवंत बाळ हाती येण्याचं प्रमाण तिन्हींत जवळजवळ सारखंच होतं.

गोळ्यांची रीत वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्यांची पाळी चार-चार महिने येत नाही त्यांना तिचाच आधार असतो. पीसीओएस, म्हणजे अंडाशयाच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा विकार, असलेल्या बायकांना तर गर्भ गोठवण्याचाच फायदा होतो. चीनमध्ये अशा १५०८ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोठवलेल्या गटात ४९.३ टक्के जणींना बाळ झालं, ताज्या गटात ४२ टक्के जणींना. इंजेक्शनांनी अंडाशय सुजून पोटात पाणी होण्याचा त्रास ७.१ टक्क्यांवरून १.३ टक्क्यांवर आला. त्याच चाचणीत प्रीएक्लॅम्प्सिया मात्र १.४ वरून ४.४ टक्क्यांवर गेला. पीसीओएस नसलेल्या, पाळी नियमित असलेल्या स्त्रियांत पुढे अशाच चाचण्या झाल्या, तेव्हा त्यांतल्या बहुतेकींत बाळ होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. मग सरसकट सगळ्यांचे सगळे गर्भ गोठवायचे कशासाठी, हे विचारायला हवं. खर्चही वाढतो आणि थांबणंही वाढतं.

वजनाबद्दल थोडं थांबते, कारण इथे पुण्याचा संबंध येतो. युरोपातल्या अभ्यासात बाळ "मोठं" म्हणजे चार-साडेचार किलोचं. आपल्याकडची बाळं मुळात लहान. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. त्यात पूर्ण दिवसांच्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन किलो. पण या लहानग्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त होती. पुढे मधुमेहाकडे जाणारी वाट इतक्या आधी सुरू होते. म्हणजे पोटातले नऊ महिने माणसाच्या पन्नाशीवर सावली टाकतात हे आपल्याच मातीत दिसलेलं आहे, आणि नुसतं वजन पाहून बाळाच्या तब्येतीबद्दल निवाडा देता येत नाही हेही. म्हणून गोठवलेल्या गर्भाचं बाळ थोडं वजनदार आलं तर घरात पेढे वाटण्याइतकं ते चांगलं नाही आणि धास्ती घेण्याइतकं वाईटही नाही. नॉर्वेत मुलांची उंची-वजनं वर्षानुवर्षं नोंदली तेव्हा जन्माच्या वेळचे हे फरक हळूहळू पुसट होत गेले, आणि सतरा वर्षांच्या मुलांत ते जवळजवळ उरले नव्हते.

आता जे खोल आणि अजून पुरतं न उलगडलेलं आहे ते. गर्भाच्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण सगळी एकदम चालत नाहीत. शेतात पाटाचं पाणी आलं की दारं धरणारा माणूस एक वाफा उघडतो, दुसरा मातीने बंद करतो. पाणी तेच, पाट तोच, पण कोणता वाफा भिजतो त्यावर पीक ठरतं. जनुकांवर अशी उघडझाप करणाऱ्या रासायनिक खुणा असतात. फलनानंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांत आई-बापांकडून आलेल्या बहुतेक खुणा पुसल्या जातात आणि नव्या लावल्या जातात. नेमके हेच दिवस आयव्हीएफमध्ये काचेच्या बशीत जातात, आणि गोठवणंही याच सुमारास होतं. मेंढ्या-गाईंत या काळात वापरलेल्या पोषणद्रव्यामुळे वाढीच्या एका जनुकाची खूण बिघडून अवाढव्य कोकरं-वासरं जन्मल्याचं सिद्ध झालं आहे. माणसात बेकविथ-वीडमन नावाचा असाच वाढीचा दुर्मीळ आजार आयव्हीएफच्या मुलांत जास्त आढळतो, तरी दुर्मीळच.

गोठवण्याबद्दल उंदरांवरचा एक जुना फ्रेंच अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात गोठवलेल्या गर्भांतून आलेले उंदीर जन्मतः निकोप होते. त्यांना म्हातारपणापर्यंत सांभाळल्यावर वजनात, जबड्याच्या ठेवणीत आणि काही हालचालींत सूक्ष्म फरक दिसले. तीस वर्षांपूर्वीची पद्धत, प्राणीही उंदीर, त्यामुळे त्यावरून माणसाबद्दल काही ठरवता येत नाही. पण जन्माच्या दिवशी सगळं ठीक दिसलं की चौकशी संपवायची नसते, हे त्या उंदरांनी दाखवलं.

ज्या बातमीने आईबाप सर्वांत जास्त घाबरतात ती कॅन्सरची आहे, तेव्हा तिचे आकडे शांतपणे पाहू. २०१९ साली डेन्मार्कच्या नोंदींतून निघालं की गोठवलेल्या गर्भांच्या मुलांत बालपणीच्या कॅन्सरचं प्रमाण जवळजवळ अडीचपट आहे. मथळा भयंकर. पण ती अख्खी गोष्ट ३३५६ मुलांपैकी १४ आजारी मुलांवर उभी होती. म्हणून २०२२ साली चार नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपातल्या, देशांनी नोंदी एकत्र केल्या. एकूण सुमारे ७९ लाख मुलं, त्यांत गोठवलेल्या गर्भांची २२,६३०. त्यांच्यापैकी ४८ जणांना कॅन्सर झाला होता. इतर मुलांचं प्रमाण लावलं तर तिथे तीसेक मुलं निघायला हवी होती. म्हणजे प्रमाण दीडपटीहून थोडं जास्त, आणि त्यात रक्ताच्या कॅन्सरचा भाग मोठा. दर एक लाख मुलांमागे वर्षाला नैसर्गिक मुलांत १७ आणि गोठवलेल्या गर्भांच्या मुलांत ३०. ताज्या गर्भाच्या मुलांत अशी वाढ दिसली नाही. मग २०२४ साली फ्रान्समधून ८५ लाख मुलांचा अभ्यास आला. त्यात आयव्हीएफच्या मुलांत एकूण कॅन्सर वाढलेला नव्हता, पण गोठवलेल्या गर्भांच्या मुलांत रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार सुमारे दीडपट दिसला. दहा लाख मुलांमागे वर्षाला वीसेक जास्त.

हे आकडे मी असे वाचते. वेगवेगळ्या देशांत त्याच दिशेला बोट जातं आहे, तेव्हा ते झटकून टाकणं प्रामाणिकपणाचं नाही. पण मूळ आजारच इतका विरळा आहे की दीडपट झाल्यावरही एक लाखातली ९९,९७० मुलं त्या वर्षी निरोगीच राहतात. "दीडपट" हा शब्द ऐकला की लगेच "कशाच्या दीडपट?" हे विचारायचं. रुपयाचा दीड रुपया झाला काय आणि लाखाचे दीड लाख झाले काय, दोन्ही दीडपटच. जन्मतः जास्त वजन असलेल्या मुलांत रक्ताचा कॅन्सर किंचित जास्त असतो हे आधीपासून माहीत आहे, त्यामुळे या दोन धाग्यांची गाठ एकाच ठिकाणी असू शकते.

बाकीचं त्या मानाने निवांत आहे. हृदयाचे जन्मजात दोष आयव्हीएफच्या मुलांत थोडे जास्त आढळतात, नॉर्डिक नोंदींत शंभरात १.८४, इतरांत १.१५. पण गर्भ ताजा असो की गोठवलेला, त्याने काही फरक पडत नाही. जुळ्यांत मात्र हे प्रमाण वाढतं. डोकं कसं चालतं? डेन्मार्कमध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांच्या शालान्त परीक्षेचे गुण पाहिले, गोठवलेल्या आणि ताज्या गर्भांच्या मुलांत फरक नव्हता.

खरा मोठा धोका गोठवण्यात नाहीच, तो एकाच वेळी दोन-तीन गर्भ सोडण्यात आहे. जुळी बाळं लवकर जन्मतात, काचेच्या पेटीत राहतात, आणि अपुऱ्या दिवसांचे परिणाम फुप्फुसांवर, मेंदूवर, डोळ्यांवर होतात. पैसे एकदाच जावेत, एका दमात दोन मुलं व्हावीत, ही घरच्यांची इच्छा मला कळते. कर्ज काढून, दागिने मोडून लोक इथवर येतात. पण गोठवण्याची सोय असल्यामुळेच तर एकेक गर्भ सोडणं परवडतं. उरलेले तिथे आहेत, ते कुठे जात नाहीत.

मावसबहिणीला मी एवढंच सांगितलं. माझी पाळी नियमित आहे, माझ्या स्वतःच्या चक्रात गर्भ सोडता येईल का, असं विचार. एकच सोडा म्हण. दिवस राहिले की प्रत्येक खेपेला रक्तदाब बघून घे, डोकं दुखायला लागलं किंवा चेहऱ्यावर सूज आली तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. पाचव्या महिन्यात बाळाच्या हृदयाची नीट सोनोग्राफी करायला सांग. डॉक्टरांनी नैसर्गिक चक्राला होकार दिला, थोडं कुरकुरत, कारण तिला चार वेळा जास्त बोलवावं लागणार होतं. पहिला गर्भ रुजला नाही. ते दिवस फार वाईट गेले. दुसरा रुजला.

नॉर्डिक देशांना हे सगळं कळू शकतं कारण तिथे प्रत्येक माणसाला जन्मतः एक क्रमांक मिळतो आणि केंद्रातल्या नोंदीपासून शाळेच्या गुणांपर्यंत सगळं त्याच धाग्यात ओवलेलं असतं. आपल्याकडे २०२१च्या कायद्याने केंद्रांची राष्ट्रीय नोंदणी आली, पण मुलं मोठी होताना त्यांच्यामागे जाणारा तसा एक धागा नाही. तो इथे ओवताच येणार नाही असं मात्र मी मानत नाही. पुण्याजवळच्या त्या सहा गावांतली १९९३ नंतर जन्मलेली मुलं आज कमावती, लेकुरवाळी झाली आहेत, आणि त्यांच्या जन्माच्या वजनापासूनच्या नोंदी जपलेल्या आहेत. वजनकाटा, फीत, वही आणि दारोदार जाणाऱ्या बायका यांच्या बळावर ते उभं राहिलं.

माझी भाची आता अकरा महिन्यांची आहे. तिच्या लसीकरणाच्या कार्डामागे आईने एक कागद टाचून ठेवला आहे, केंद्राच्या प्रयोगशाळेतून मुद्दाम मागून आणलेला. गर्भ कोणत्या तारखेला गोठवला, कितव्या दिवसाचा होता, कोणत्या पद्धतीने, चक्र गोळ्यांचं की स्वतःचं, सगळं त्यावर लिहिलं आहे. पुढे कधी कुणी विचारलंच, तर मुलीला स्वतःला ते सांगता यावं म्हणून.